सोंडेमागची जागा

आप्पा, "तुझे हात बारीक हायत, सोंडेमागं पोचतात," असं तुम्ही म्हणालात तेव्हा मला ते कौतुकच वाटलं होतं. पेणच्या आपल्या कारखान्यात साच्यातून निघालेले गणपती रांगेनं उभे असायचे, आणि सोंड नि पोट यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मोठ्या माणसाचं बोट जायचं नाही. मी पॉलिशपेपरची घडी घालून तिथं घासत बसायचे. प्लास्टरची भुकटी नाकात, पापण्यांवर. आठवीच्या वर्षी आषाढापासून माझी शाळा बंद. तुम्ही मात्र रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून एसटीनं रोह्याला जायचात, त्याच शाळेत इतिहास शिकवायला. "पोरीलापन न्या की," आई म्हणायची. तुम्ही तोवर चपला घातलेल्या असायच्या.

एकदा पावसानं मूर्ती वाळल्या नाहीत, घासायला काही उरलं नाही, म्हणून मला बरोबर नेलंत. त्या तासाला तुम्ही त्या इंग्रज उमरावाबद्दल सांगितलंत. आईबापांनी कधी जवळ न घेतलेला, घरच्या मोलकरणीनं माया लावलेला मुलगा. मोठा होऊन पार्लमेंटात गेला आणि गिरण्यांत, खाणींत, धुराड्यांत राबणाऱ्या पोरांसाठी वर्षानुवर्षं भांडला. विधेयक पडायचं, तो पुन्हा उभा राहायचा. गिरणीमालक म्हणत, पोरांचे हात बारीक, यंत्राखाली पोचतात. हे सांगताना तुमचा आवाज कापला. निडीहून येणारी माझ्या शेजारची मुलगी रडायला लागली. मी उभी राहून विचारलं, "आणि गणपतीच्या कारखान्यात?"

वर्ग हसला. शाळेत तुम्ही नेहमी शुद्ध बोलायचात, पण तेव्हा घरचं बोललात. "घरचं काम म्हंजे काय काम नाय. बस गो खाली."

दुसऱ्या दिवशी मूर्ती वाळल्या. त्या वर्षी मी आठवीत नापास झाले. गुणपत्रिकेवर वर्गशिक्षक म्हणून सही तुमची होती आणि पालक म्हणूनही तुमचीच.

चाळिशी ओलांडल्यावर मी त्या उमरावाबद्दल वाचलं. विरोधक त्याला डिवचायचे, की आधी आपल्या बापाच्या जमिनीवरच्या मजुरांची खोपटी बघ. त्यानं बघितली. त्यांच्या हालांबद्दल भर सभेत बोललाही, आणि बापानं त्याला घराचं दार बंद केलं. हे तुम्हांला ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. मोलकरणीनं मरताना त्याच्यासाठी ठेवलेल्या घड्याळापर्यंत सगळं तुम्हांला पाठ होतं. तेवढंच गाळलंत.

राग गेलेला नाही, आणि तो जावा असंही वाटत नाही. पण एक कबूल करते. दुसऱ्याच्या लेकरासाठी माणसाचा आवाज कापतो, हे मी पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकलं. लिहायला बसले की अजून तोच आवाज कानाशी घेते.

तुम्ही आता नाही, हे पाठवायचं कुठं? तरी एक मागते. तो धडा पुन्हा एकदा घ्या, गाळलेल्या भागासकट, आणि मी उभी राहिले की या वेळी उत्तर द्या. ठाऊक आहे, तरीही तुम्ही म्हणाल, बस गो खाली.