जज्ज एकदाच नाकारता येतो

५ मार्च, राखेचा बुधवार

कोर्टाचं पत्र आलं! जुना जज्ज निवृत्त झाला, खटला आता बाल्देरामाकडे. सुनावणी १४ तारखेला. खाली बारीक अक्षरात – हा जज्ज नको असेल तर कारण न देता नाकारता येईल. एकदाच. दहा दिवसांच्या आत.

एदुविहेन मावशी कपाळावर राख लावून चर्चमधून आली, पत्र वाचलं आणि मटकन बसली. बाल्देरामा म्हणजे उबाल्दोबरोबर एल्क हरणांच्या शिकारीला जाणारा माणूस. उबाल्दोच्या फ्रीजरमधलं अर्धं मांस त्याच्याच बंदुकीचं, असं सगळी दरी म्हणते. आणि उबाल्दो म्हणजे आमचा शेजारी, ज्याने खटला घातलाय. त्याच्या शेतातून मावशीच्या जर्दाळूच्या बागेत वाट जाते. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्याच वाटेने पाणी द्यायला जाते. तो म्हणतो वाट माझी, फाटकाला कुलूप घालणार. वाट गेली की पाणी गेलं. पाणी गेलं की दोन उन्हाळ्यांत झाडांचं सरपण.

"नाकारून टाक," मी म्हटलं.

"कारण न सांगता? सरळ तोंडावर? जेवायला आलेल्याला दारातून परत पाठवल्यासारखं दिसतं गं ते."

शेवटी नाकारायच्या फॉर्मवर सही केली. सही करताना जीभ चावत होती.

मी इथे अलास्काच्या मासळी कारखान्यातून तीन दिवसांसाठी आले होते. नोव्हेंबरात!

६ मार्च

वारा. दिवसभर वारा. फॉर्म बॅगेत आहे. उद्या नेते.

७ मार्च

निघताना मावशीने अजून एक पाकीट हातात कोंबलं. जज्जाला चिठ्ठी. १४ तारखेला पाटाची सफाई आहे! ज्या घराचं फावडं आलं नाही त्या घराची पाण्याची पाळी गेली – तिथे कुणाचं काही चालत नाही. मावशीचे गुडघे गेलेत, म्हणजे फावडं मी मारायचं. मग कोर्टात हिच्याबरोबर कोण? "उबाल्दोच्या त्या वकिलाच्या भराभर इंग्रजीपुढे मी एकटी बसू?" म्हणून चिठ्ठी – कृपा करून तारीख पुढे ढकला, देव तुमचं भलं करो.

कोर्टात पोचले तर खिडकी जेवणासाठी बंद. जज्जाच्या ऑफिसबाहेर टोपली होती, चिठ्ठी तीत टाकली. फॉर्म मात्र खिडकीवरच द्यावा लागतो. म्हटलं, जरा फिरून येऊ. तर चौकात गावातला चुय भेटला, त्याची ती बटण दाबलं की चाकांवर उड्या मारणारी जांभळी गाडी घेऊन. मागचं चाक उडत नव्हतं. धर गं जरा, म्हणाला. मग उडायला लागलं! मग एक चक्कर. परत आले तेव्हा दाराला कुलूप.

मग काय. अजून आहेत दिवस. सोमवारी.

१० मार्च

खिडकीवर पांढऱ्या केसांच्या बाई. फॉर्म घेतला, कॉम्प्युटरकडे पाहिलं, फॉर्म परत सरकवला.

"हे नाही घेता यायचं, बाळ."

"पण मुदत आहे अजून!"

"मुदत आहे. पण तुझ्या मावशीने शुक्रवारी जज्जांकडे तारीख मागितली ना? एकदा त्याच्याकडे काही मागितलं की त्याला जज्ज मानलं. मग नको म्हणता येत नाही."

"चार ओळींची चिठ्ठी होती ती!"

"चार काय नि चाळीस काय. आधी फॉर्म दिला असतास तर."

आधी फॉर्म दिला असता तर. बसस्टॉपवर बसले आणि दोन बस जाऊ दिल्या. उडणारं चाक!

मावशीला सांगितलं. ती बीन्स निवडत होती, निवडतच राहिली. "चांगलं वागलं की असंच होतं," एवढंच म्हणाली. त्यापेक्षा ओरडली असती तर!

११ मार्च

बाल्देरामाने तारीख पुढे ढकलली. लगेच! कारण लिहिलंय – पाटाची सफाई. दोन्हीकडे कळवलं.

मावशी म्हणते, शिकाऱ्याचा मोठेपणा. हरणाला आधी चरू देतो.

१४ मार्च

पाठ मोडली. हाताला फोड. लिहवत नाही, पण लिहिते.

सकाळी पाटकऱ्याने प्रत्येकाला काठीने मापून तुकडा दिला. माझ्या शेजारचा तुकडा कुणाचा? उबाल्दोचा! दुपारपर्यंत दोघांचं एकच काम. गाळ काढायचा, काठावर फेकायचा. मग जेवायला काठावर बसलो तर त्याने त्याची तोर्तियाची पोळी अर्धी करून पुढे केली.

"घे गं, अलास्कावाली. मासे पॅक करणारे हात आहेत, फावड्याचे नाहीत."

घेतली. आत बटाटा आणि लाल चिली. भूक काय भांडण बघते!

थोड्या वेळाने म्हणाला, "एका चिठ्ठीवर तारीख मिळाली म्हणे तुम्हाला. माझं ऑपरेशन होतं तेव्हा त्या जुन्या जज्जाने डॉक्टरचा दाखला मागितला होता. तुझी मावशी आणि तो बाल्देरामा – जुनी ओळख दिसते?"

ओळख कसली! पण मी सावकाश चावत राहिले. मग म्हटलं, "मोठ्यांच्या गोष्टी, उबाल्दोकाका. मी काय बोलणार."

त्याचं चावणं थांबलं. मला इतकी मजा वाटली! म्हणून पुढेही बोलले – "तुम्हाला काय काळजी, तुम्ही तर त्यांच्या शिकारीतले."

"शिकारीतला? एकदा गेलो, बारा वर्षांपूर्वी. परवाना घरी विसरलो, तर त्यानेच वनरक्षकाला बोलावून मला दंड करवला. स्वतःच्या गाडीतून आलेल्या माणसाला! सरळ काठी आहे मेली. वाकतच नाही."

उरलेली तोर्तिया मी खाली ठेवली.

१५ मार्च

मावशीला सगळं सांगितलं. "म्हणजे चांगला माणूस मिळाला होता," म्हणाली. मी म्हटलं, मिळालाय, अजून आहे. पण उबाल्दोचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. दहा दिवस त्यालाही आहेत. आणि त्याने अजून काही मागितलेलं नाही.

१७ मार्च

दहावा दिवस शनिवारी आला, म्हणून मुदत आज सोमवारपर्यंत. उबाल्दोच्या वकिलाने शेवटच्या दिवशी बाल्देरामाला नाकारलं. बंद व्हायच्या आधी.

२४ मार्च

नवा जज्ज आल्बुकर्की शहराचा. पत्रात विचारतो – पाटाचं पाणी आणि पाळी म्हणजे नेमकं काय, दोन्ही बाजूंनी लेखी कळवावं. मावशीचा नाकारायचा हक्क मात्र वापरलाच गेला नव्हता, म्हणून या जज्जासाठी आहे अजून. फॉर्म पुन्हा भरून समोर ठेवला. तिने तो घडी करून चुलीत घातला. "लिहून कळतं होय ते? बोलाव त्याला. फावडं आहे आपल्याकडे एक जास्तीचं." म्हटलं, मावशी, बोलावलं म्हणजे मागितलं. मागितलं की तोच आपला जज्ज, कसाही निघो.

"ठाऊक आहे गं. पेन घे."