तिसऱ्या मजल्यावरचं फुफू

प्रिय पोकुआ,

माझ्या नव्या घरावर झालेला अन्याय आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं पत्र शांत डोक्याने लिहिता येईल. ही इमारत ज्याने आखली त्या महाभागाने स्वयंपाकघराला दोन खिडक्या दिल्या, भिंतीत तीन कोनाडे दिले, आणि विजेचं सॉकेट दिलं एक. तेही गुडघ्याच्या उंचीवर, जणू इथे स्वयंपाक शेळ्या करणार आहेत. मी एक्कावन्न वर्षांचा माणूस रोज सकाळी चहासाठी त्याच्यापुढे गुडघे टेकतो. चर्चमध्येही इतक्या वेळा टेकत नाही. हे तुमच्या पाद्रीबाबांना कळवू नकोस.

राजधानीत, आक्रात, आल्यापासून सव्वीस वर्षं मी भाड्याच्या एका खोलीत राहिलो आणि खानावळीत जेवलो, त्यामुळे स्वयंपाकघर म्हणजे काय हे मला ऐकूनच माहीत. पण आई तुझ्याकडून, कुमासीहून, ‘नुसतं बघायला’ येणार असं तू फोनवर सांगितलंस, आणि वर तिची अटही सांगितलीस: ज्या घरातून संध्याकाळी मुसळाचा आवाज येत नाही, त्या घरात ती राहत नाही. तुझ्या मुसळाचे ठोके पडले की तुमची अख्खी गल्ली समजते, आज या घरात कसाव्याचे उकडलेले कंद कांडून फुफू होतंय, माणसं धडधाकट आहेत. इकडे माझ्या अगदी खालच्या मजल्यावर राहतात लॅम्प्टीसाहेब. कस्टममधून निवृत्त झालेले, आता सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी मला नळ कुठे आहे ते दाखवायच्या आधी नियमांची वही दाखवली. पहिला नियम: वरच्या मजल्यांवर फुफू कांडण्यास सक्त मनाई. आधीच्या भाडेकरूच्या उखळाने म्हणे त्यांच्या छताचा दिवा थेट त्यांच्या सारात पाडला होता.

मला तर आईने इथे राहायलाच हवं होतं; नऊ वर्षं ती तुझ्याकडेच आहे, आता पाळी तुझ्या भावाची. पण आधी खरेदी ऐक.

बाजारात हाजिया मेमुनाचं दुकान आहे, परदेशातल्या लोकांनी वापरून टाकलेल्या वस्तूंचं. प्रत्येक वस्तू ती आधी तारेला जोडून चालवून दाखवते, आणि गिऱ्हाइकं मान तिरकी करून ऐकतात, जणू चर्चच्या गाणाऱ्यांची निवड चालली आहे. किटली ऐकली, घेतली. भाताचा कुकर काहीच बोलला नाही, तो गुणी म्हणून घेतला. मग मिक्सर. रिकाम्या भांड्याचा तो असा काही गायला की मी विरघळलो. हाजिया म्हणाली, “दादा, ही मेहनती सून आहे, घेऊन जा.” घरी नेऊन भांड्यात उकडलेला कसावा घातला, तर सून मट्कन खाली बसली. परत घेऊन गेलो तेव्हा हाजियाने मलाच झापलं, की पाण्याशिवाय सुनेला कामाला जुंपणारं हे कुठलं सासर. पाणी घातलं, चालला.

टोस्टर मात्र विकत घेतला नाही. तो अमेरिकेहून आपल्या चुलतभावाने, बोआडीने, जहाजाने येणाऱ्या पिंपातून पाठवला होता, कपड्यांत गुंडाळून, आशीर्वादाची चिठ्ठी लावून. तिकडची वीज इकडच्या निम्म्या जोराची असते, हे चिठ्ठीत नव्हतं. अर्धं मिनिट तो फार सुंदर दिसला. लॅम्प्टीसाहेब वही घेऊन वर आले आणि धुराबद्दलचा नियम शोधत बसले. सापडेना, तेव्हा मीच त्यांना पाणी दिलं.

मग आई आली. पाटावर बसून तिने एकेक यंत्र असं तपासलं, जणू मुलगी बघायला आलेत. किटली उकळून आपोआप बंद झाली तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली की हिला तरी कळतं कुठे थांबायचं. कुकरचं झाकण दर दोन मिनिटांनी उघडलं, आत कोणी झोपलं तर नाही ना ते बघायला. मी कसावा आणि कच्ची केळी उकडली, मिक्सरमधून काढली, कढईत घोटून घट्ट गोळा केला आणि शेंगदाण्याच्या सारात वाढला. तिने सगळा खाल्ला, बोटं धुतली आणि निकाल दिला.

“खाता येतं. पण ऐकू येत नाही. शेजारी म्हणतील, आंत्वीची आई पाव खाऊन झोपते.”

दुसऱ्या दिवशी तिला खूश करायला मी एका सॉकेटवर एक्स्टेंशनची पट्टी लावून किटली, कुकर आणि मिक्सर तिघांना एकदम जोडलं. फट् करून आवाज झाला आणि तिसरा मजला अंधारला. आवाज हवा होता, तो मिळाला. गॅसवरचा कसावा मात्र उकडून तयार होता. आईने पातेलं उचललं आणि जिना उतरली. मागे पाण्याच्या टाकीशी तळमजल्यावरच्या बायकांचं सामाईक उखळ आहे. ती त्याच्याशी बसली, गोळा उलटवायला हात आत घातला आणि मुसळ मला दिलं. अख्खं अंगण गोळा झालं. लॅम्प्टीसाहेबही आले, पहिल्यांदाच वहीशिवाय.

तुला हे नवं नाही, पण मला होतं: प्रत्येक दोन ठोक्यांच्या मध्ये उखळात आपल्या आईचा हात असतो. मारताना जीव मुठीत, आणि हळू मारलं तर ती ओरडते. दहा मिनिटांत माझ्या खांद्याचं लाकूड झालं. आई म्हणाली, “पोकुआ अर्धा तास कांडते. वर माझ्याशी बोलतेसुद्धा.” जेवायला बसलो तर उजवा हात तोंडापर्यंत जाईना. लॅम्प्टीसाहेब दोनदा वाढून घेऊन गेले आणि पुन्हा कधी कांडणार ते विचारून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पाणी मागितलं. पेला मी डाव्या हाताने पुढे केला, कारण उजवा वर होतच नव्हता. तिने तो घेतलाही नाही, नुसती माझ्या हाताकडे बघत राहिली. आणि मला थोरल्या मामांच्या उत्तरकार्याचा दिवस आठवला. तू सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर धाकट्या मामांना डाव्या हाताने पाणी दिलंस, आणि मी, खानावळीत जेवणारा माणूस, चारचौघांत तुला बोललो की कुमासीत राहून रीत विसरलीस का. तू माफी मागितलीस आणि आत गेलीस. नऊ वर्षं रोज संध्याकाळी तुझ्या उजव्या हाताने आईसाठी काय केलं, हे तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. पोकुआ, मला माफ कर. ते बोलणं मी धाकट्या मामांकडे जाऊनही मागे घेऊन आलो आहे. आई आता इथेच राहते आहे. रविवारी मी खाली कांडतो, इतर दिवशी मिक्सर चालतो, आणि खालच्या बायकांचा आवाज खिडकीतून येतो तो आपलाच, असं तिने ठरवून टाकलं आहे. तिच्या कपड्यांची पेटी शनिवारच्या बसवर चढव. तू उचलू नकोस, ड्रायव्हरला उचलू दे. भाडं त्याला डाव्या हाताने दे, आणि तो काही बोललाच तर माझा नंबर दे.

तुझाच,
आंत्वी