दारावरची कोरफड

४ फेब्रुवारी १९८४

काल पुन्हा! जयवंतने क्षमाला पट्ट्याने मारलं. बक्कल भुवईवर बसलं, रक्त मोरीपर्यंत ठिपकत गेलं. फरशी मी पुसली. आणि सकाळी त्याच हाताने जयवंतला, माझ्या पोराला, डबा भरून दिला!

कारण काय, तर आमटीत मीठ जास्त. मीठ बरोबर होतं, मी चाखली होती. कंपनीत फोरमनने चारचौघांत झापलं असणार. घाटकोपरला झालेला अपमान हा बोरिवलीपर्यंत सांभाळून आणतो आणि घरात बायकोवर काढतो. बापही असाच होता.

क्षमा भुवईवर फडकं दाबून विचारत होती, आई, असं किती दिवस? मी तिला दाराची चौकट दाखवली. उलटी टांगलेली कोरफड. ती लग्न होऊन आली त्या महिन्याच्या अमावास्येला मीच काळ्या दोऱ्याने बांधली — नव्या संसाराला कुणाची नजर लागू नये म्हणून. मुळं वर, शेंडा खाली. माती नाही, पाणी नाही, वर चुलीचा धूर. तरी हिरवी! शेंडा तर वळून परत वर बघतोय. म्हटलं, हिच्याकडून शिक गो. बाईमाणसाने असं तग धरून राहायचं.

 ती कोरफडीकडे बराच वेळ बघत होती.

९ फेब्रुवारी

आज शांत. कोंबडीचा रस्सा केला. जयवंत बोटं चाटून जेवला, आई तुझ्या हातची चव हिला जन्मात यायची नाही म्हणाला. क्षमा समोरच वाढत होती. मला बरं वाटलं — खोटं कशाला लिहू?

१७ फेब्रुवारी

शेजारची नीला आली होती. बँकेत नोकरी, नवरा मुलखाचा गरीब, हिला काय जातंय बोलायला! म्हणे, काकू, क्षमाचं ओरडणं भिंतीतून ऐकू येतं. नवा कायदा झालाय, नवऱ्याला आत टाकतात, मी येते तिच्याबरोबर चौकीत. मी तिला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. आमच्या घरातलं आम्ही बघून घेऊ.

यांनी माझं मनगट मोडलं होतं. डावा हात अजून पुरता वळत नाही. त्याच हाताने भाकऱ्या थापल्या, जयवंतला वाढवला, यांचं शेवटचं दुखणंही काढलं. मी गेले होते का चौकीत? मेले का मी? दारावरची कोरफड मेली का?

२ मार्च

केसांना धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. परत परत. आवाज नारळ फोडल्यासारखा. मी मधे पडले तर मलाही ढकललं, पाटा कमरेत बसला. "आई, तू मधे येऊ नकोस हां," म्हणाला. चेहरा हुबेहूब यांचा! मी घाबरले. स्वतःच्या मुलाला घाबरले.

भिंतीला तिचे केस चिकटलेत. पुसायला हात होत नाही.

११ मार्च, रविवार

 सगळं लिहून ठेवते.

त्याच्या शर्टाच्या कॉलरला इस्त्रीचा डाग पडला. एवढंच. त्याने तिच्या हातातून इस्त्री घेतली आणि तिच्या दंडावर दाबून धरली. ती किंचाळली ते सगळ्या चाळीने ऐकलं असेल. इस्त्री उचलली तेव्हा कातडी बरोबर आली. तो चपला घालून बाहेर निघून गेला.

भाजल्यावर कोरफड लावतात. मी स्टूल घेऊन दाराशी धावले. सगळ्यात जाड दिसणारं पान विळीवर कापलं. आत काही नाही! दुसरं कापलं. तेही चामड्यासारखं, कोरडं ठक्क. शेंडा तेवढा हिरवा. आपलीच पानं आतून खाऊन बयेने शेंडा हिरवा ठेवला होता. आणि मी दोन वर्षं तिचं कौतुक करतेय!

मोरीत बसून क्षमा दंडावर पाणी ओतत होती. शेवटी नीलाचं दार वाजवलं. ज्या तोंडाने हाकललं होतं त्याच तोंडाने मागितलं. तिच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यात कोरफड आहे. पान कापल्याबरोबर गर कोपरापर्यंत ओघळला.

क्षमाला नीलाच्या घरी आणलं आणि मीच तो गर तिच्या दंडावर लावला. ती रडत नव्हती. म्हणाली, "आई, आपल्या दारावरच्या कोरफडीत काही नव्हतं ना? मला ठाऊक होतं. रोज झाडताना हात लावून बघायचे मी."



१२ मार्च

क्षमा नीलाकडेच आहे. जयवंत सकाळी चहा पिताना म्हणाला, तिला संध्याकाळपर्यंत घरी आण, नाहीतर ओतून पेटवीन. आवाजसुद्धा चढवला नाही. बशीतला चहा संपवला आणि कामावर गेला.

मग कोपऱ्यात बघितलं. परवा रिकामा झालेला रॉकेलचा डबा काठोकाठ भरलेला. रेशनच्या रांगेत हा जन्मात उभा राहिला नव्हता!

डबा उचलून सगळं गटारात ओतलं. बायका बघत राहिल्या. मग स्टुलावर चढून काळा दोरा कापला. बाहेरची नजर लागू नये म्हणून बांधला होता. बाहेरून काही आलंच नव्हतं. कोरफड एका फुटक्या बादलीत माती घालून लावली. धरेल की नाही, देव जाणे. पाणी घातलं. दाराला कुलूप लावून मीही नीलाकडे आले.

१३ मार्च

रात्रभर नीलाचं दार आतून बंद ठेवलं. सकाळी क्षमा, नीला आणि मी चौकीत गेलो. क्षमाने सांगितलं ते हवालदाराने लिहून घेतलं. मग विचारलं, डोळ्यांनी बघणारं कुणी आहे का? मी पुढे झाले. पट्टा, भिंत, इस्त्री, रॉकेल — सगळं सांगितलं.

"आरोपी तुमचा कोण लागतो?"

म्हटलं, मुलगा. लिहा.