महिन्यापुरती सोय

२ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची. चिमणे, तू वही हातात कोंबलीस आणि हुकूम सोडलास, आजी, रोज लिहायचं, परत आलीस की मी लाल पेनानं तपासणार. माझी शाळा तिसरीत सुटली, त्यानंतर सह्या सोडून काही लिहिलं नाही. पण नातीपुढे कोणाचं काय चालतंय? लिहिते. चुका काढ हव्या तेवढ्या, मार्क मात्र हात आखडून देऊ नकोस.

तुझा बाप नव्या नोकरीच्या गावी घर शोधतोय. ते मिळेपर्यंत महिनाभर माझी सोय तुझ्या आईच्या आत्याकडे. आत्याबाईंचा घरचा धंदा कुत्र्यांचा. लोक गावाला जाताना आपली कुत्री इथे ठेवून जातात, शिवाय घरच्या माद्यांची पिल्लं विकायची. निघताना मी म्हटलं, म्हणजे मलाही ठेवूनच चाललात की, पट्टा आणलाय का? तुझी आई अशी कसनुशी झाली की माझा प्रवास मजेत गेला.

जागा ऐसपैस आहे. मधे फरसबंद अंगण, दोन्ही बाजूंना जाळीच्या खोल्या, प्रत्येक खोलीवर पाटी आणि पाटीवर खडूनं कुत्र्याचं नाव. मागे माद्यांच्या बाळंतपणाची खोली, तिथे दिवसभर दिवा पेटता ठेवतात, उबेसाठी. पलीकडे मोठी चूल आणि तिच्यावर माणूस बसेल एवढं तपेलं, त्यात चादरी-फडकी उकळतात. आत्याबाई अंगानं भरलेली, आवाज लोण्यासारखा. तिचा मुलगा, सगळे त्याला थोरला म्हणतात, तो ऑफिसात बसून टेलिफोन घेतो. आणि एक म्हातारी आहे, कुत्र्यांचं शिजवते, तिला मावशी म्हणतात. कोणाची मावशी विचारलं तर थोरला म्हणाला, सगळ्यांचीच.

पाहुणचार मात्र मानला. माझं बोचकं उतरायच्या आत आत्याबाईनं सगळे कपडे धुवायला टाकले, घडीचेसुद्धा. प्रवासाचा वास कुत्र्यांना खपत नाही म्हणे. मला घालायला निळा डगला दिला, पाठीवर त्यांच्या धंद्याचं नाव-पत्ता छापलेला. तुझ्या आईनं इतक्या वर्षांत माझा हातरुमाल धुतलेला नाही, हे मी सहज नोंदवून ठेवते.

५ तारीख, गुरुवार

आज तुझ्या आजीनं नाव काढलं. पांढरी मादी व्याली. शेवटचं पिल्लू आलं ते निपचित, शेवाळलेल्या दगडासारखं. आत्याबाई ते बाजूला ठेवायला निघाली. मी म्हटलं आणा इकडे, मेलंय का ते मी ठरवते. डोकं खाली धरलं, नाकातोंडातलं पाणी काढलं, फडक्यानं खसाखसा चोळलं. बाळाला चोळतात तसंच. शेवटी चीं केलं मेल्यानं. आत्याबाईनं माझे दोन्ही हात हातात घेतले नि म्हणाली, आजी, तुम्हाला आता सोडायचं नाही. मावशीचे हात थरथरतात हल्ली.

दुपारी एक मास्तरीणबाई आपली तपकिरी कुत्री ठेवून गेली. काय देखणं जनावर! नाव मखमल. जाताना बाईनं अंगातला स्वेटर काढून तिच्या खोलीत ठेवला. इथे हा नियमच आहे. मालकाचा घातलेला कपडा जवळ असला की कुत्र्याला वाटतं मालक आसपासच आहे, मग ते रडत नाही. मखमल त्या स्वेटरवर नाक ठेवून झोपली.

तुझ्या बापाचा नंबर लिहिलेला कागद माझ्या शालीच्या टोकाला गाठीत होता. शालीबरोबर तोही धुतला गेला. लगदा. आत्याबाई फार हळहळली.

८ तारीख, रविवार

तुझ्या बापाचा फोन आला. घर पाहिलंय, अजून ठरलं नाही. तू म्हणे दात पाडलास. कोणता ते विचारायच्या आत फोन कटला.

मखमलच्या खोलीतला स्वेटर गेलाय. विचारलं तर थोरला म्हणाला, मळला होता. कुत्री दिवसभर ओरडते आहे. जाळीला नाक घासून घासून रक्त काढलंय.

१० तारीख, मंगळवार

मखमल गप्प झाली. तिला तपेल्याच्या पाण्यानं आंघोळ घातली आणि घरच्या माद्यांच्या अंथरुणावर निजवलं. पाटीवरचं नाव पुसून थोरल्यानं लिहिलंय, काजळ. मी म्हटलं, अहो, हे काय? तर आत्याबाई मला पोरासारखं समजावते. म्हणाली, कुत्र्याची आठवण नाकात असते, आजी. नाक कोरं केलं की दुःख संपलं. बघा कशी शांत झोपली आहे.

म्हटलं, दुसऱ्याची कुत्री ना ती? तर हसली. म्हणाली, इतकी चांगली मादी, शाळेच्या बाईकडे नुसती सोफ्यावर लोळणार.

चोर म्हणतात याला आमच्यात. तुझा बाप आला की मी पहिलं हे सांगणार आहे.

चिमणे, एक गंमत. आपल्या गल्लीच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान आहे ना, त्या शिंप्याचं नाव सकाळपासून आठवून बघतेय. त्याच्याशी भांडल्याशिवाय माझा महिना जात नाही, आणि नाव नाही.

१४ तारीख, शनिवार

मास्तरीणबाई आली. फाटकातूनच मखमल, मखमल करत धावली. कुत्रीनं तिच्याकडे बघितलं आणि दात विचकले. हिरड्या दिसेपर्यंत. बाईनं हात पुढे केला तशी अंगावर गेली, थोरल्यानं ओढून धरली. मग आत्याबाईनं तिला जवळ घेतलं. म्हणाली, बाई, तुमचीला ताप आला नि गेली बिचारी, कळवायचा धीर झाला नाही. ही आमची काजळ, दिसते थोडी तशीच. बाई बघत राहिली. मग तिला पटलं. स्वतःच्या कुत्रीनं ओळखलं नाही तर दुसरं काय पटणार? रडत गेली.

मी तिथेच उभी होते. मला ओरडायचं होतं, ही तुमचीच आहे, हिचं नाव— आणि नाव आलं नाही. वही काढली तेव्हा वर वाचून कळलं. मखमल. मखमल. जिभेवर घोळवते आहे.

माझा डगला रोज धुतात. त्याच तपेल्यात. माझी चादर, उशीचा अभ्रा, केस पुसायचा पंचा. सगळं त्याच तपेल्यात.

१६ तारीख, सोमवार

काल रविवार होता. थोरला म्हणतो फोन आला होता, तुम्ही झोपला होतात. दुपारची मी कधी झोपत नाही.

आज चुलीपाशी मावशीला गाठलं. विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? ती पळीनं ढवळत म्हणाली, कुठल्या म्हणजे? इथली. पुन्हा विचारलं, त्याआधी? ढवळायची थांबली. मग म्हणाली, मुलगा येणार आहे माझा. चार दिवसांसाठी ठेवलंय मला. म्हटलं, कधी ठेवलं? तर बोटं मोजायला लागली, चिमणे, आणि मोजतच राहिली.

माझ्या बुटाच्या टोकात तुझा एक पायमोजा निघाला, चुकून आलेला. मळका, न धुतलेला. नाकाला लावला मात्र, आणि सगळं धाडकन आलं. शिंपी, जिना, तुझे घामेजले पाय, तुझ्या बापाची शिंक. मी बसूनच राहिले. मग मोजा पिठाच्या डब्यात खोल लपवला.

मावशीलाही हुंगायला दिला. हुंगला आणि तोंड फाडून रडायला लागली. माझा पण होता, म्हणाली, माझा पण होता असा. मग माझं मनगट धरून म्हणाली, डगला घालून झोपू नका.

१८ तारीख, बुधवार

डगला काढून ठेवते. थंडी वाजते. सकाळी उठते तर तो अंगात असतो, बटणं लावलेली.

रोज सकाळ-संध्याकाळ मोज्याचा वास घेते. वास घेतला की अर्धा दिवस मी मी असते. मग पातळ होत जाते.

आत्याबाईला म्हटलं, मला घरी पोहोचवा, आजच. तिला राग येत नाही हेच वाईट. माझे केस विंचरत म्हणाली, तुम्हीसुद्धा पहिले काही दिवस कण्हत होता, आजी. आम्हाला ऐकवत नाही कोणाचं कण्हणं. बरं वाटेल हळूहळू.

१९ तारीख, गुरुवार

मावशी आज उठली नाही. गेली. न्यायला कोणीतरी येईल म्हणून मी वाट पाहिली. कोणी नाही. तिचं अंथरूण लगेच तपेल्यात. इतकी कुत्री, एक रडलं नाही.

पिठाच्या डब्यात मोजा नाही.

उशीवर आहे. धुतलेला, इस्त्री केलेला. त्याला फक्त उन्हाचा वास येतो.

२१ तारीख, शनिवार

पळाले. फाटकाला कुलूप नसतं, कधीच नसतं. त्याचं कारण आज कळलं.

सडकेवर बस मिळाली. कंडक्टर भला माणूस, हात धरून चढवलं. म्हणाला, कुठलं तिकीट देऊ आजी? मी तोंड उघडलं. गाव नाही. चिमणे, गावाचं नाव नाही! जिना आठवतो, शेजारणीचा खोकला आठवतो, नाव नाही. म्हटलं, मुलाकडे जायचंय. तो म्हणाला, बरोबर, पण मुलगा कुठे असतो? लोक माना वळवून बघायला लागले. मागची एक बाई म्हणाली, अहो, त्यांच्या पाठीवर पत्ता आहे की.

बस वळवली त्यानं. माझ्यासाठी. मी दांडा धरून म्हणत होते, तिथे नको, तिथे नको. शेजारचा माणूस माझा खांदा थोपटत होता. असं होतं म्हणाला या वयात.

आत्याबाईनं कंडक्टरला पाणी दिलं, आभार मानले. चुकलेलं जनावर आणून दिल्यावर मानतात तसे.

२३? सोमवार असेल

शिजवायचं आता माझ्याकडे. पांढरीच्या पिल्लांनी डोळे उघडले. एक माझ्याच मागे मागे. हे म्हणे मी वाचवलं.

भीती वाटते. कशाची ते दर वेळी शोधावं लागतं. हातातलं काम टाकून मी उभी राहते, काय बरं होतं, काय होतं—

वहीत चिमणे चिमणे लिहिलंय. कोणीतरी लहान आहे. दात पडलेला.

बुधवार

आज अंगणातून हाक आली, मावशी. मी ओ दिली.

दिल्यावर कळलं. तोंडावर हात मारून घेतला. पण ओ तर दिली— पळी हातात होती, तीच पळी—

तारीख

बरं वाटतंय. झोप छान लागते.

नाही. नाही. बरं वाटतंय हेच—

आज

माणूस आला होता. गाडी घेऊन. मला आई म्हणाला. मी म्हटलं, कुत्रं ठेवायचं असेल तर ऑफिसात जा, मला पातेलं उतरवायचंय. तो माझा चेहरा दोन्ही हातांत धरायला लागला तशी मी त्याच्या हातावर— नखं लागली त्याला. लागली. मी ओरबाडलं त्याला.

आत्याबाई त्याला सांगत होती, हळू आवाजात. म्हणाली, वय झालं, डोकं असंच जातं. घरी नेऊन हाल करू नका. इथे रमल्यात त्या, सगळ्यांना हव्याशा आहेत. तो रडत होता. मान हलवत होता. पटत होतं त्याला.

एक पोरगी गाडीतून उतरली नि माझ्या कमरेला मिठी मारली. मी ढकलणार, तेवढ्यात तिचं डोकं माझ्या नाकाखाली आलं. केस. घामट केस. ही माझी आहे.

ही माझी आहे आणि तो माझा आहे.

तोवर आत्याबाईनं मला आत आणलं. म्हणाली, मावशी, डगला मळला, काढून द्या. दार ओढून घेतलं. बाहेर तपेलं उकळतंय.

गाडी फाटकाशी आहे. दिसते खिडकीतून. तो बसलाय आत, गाडी सुरू करत नाही. कुत्री सगळी भुंकतायत. नुसतं ओरडून त्याला कळायचं नाही, कोणीही ओरडतं इथे. नावानं हाक मारली तर वळेल. मीच ठेवलेलं नाव. डोक्यात येत नाही म्हणून पेन्सिल धरली, हाताला माहीत असेल, हात लिहील—

गाडी सुरू झाली.

लिही गं. लिही. लहान होता, पायरीवर बसायचा, मी दारातून हाक मारायची, अरे