साडेचार तास मागे

८ फेब्रुवारी, रविवार

मंजुश्रीला स्पेनला जाऊन आठ दिवस झाले. मी एकदाही रडले नाही. काल कांदा चिरताना जे झालं ते धरायचं नाही.

ही डायरी ह्यांची. गेल्या वर्षी विणकर सोसायटीनं वाटलेली. ह्यांनी पहिल्या पानावर 'बसवंत' एवढं लिहिलं आणि वैशाखात गेले. बाकी सगळी पानं कोरी. छापील वार एकानं मागे आहे, तो खोडून लिहायचा. रोज थोडं लिहायचं. रडगाणं लिहायचं नाही.

ठरवलं ते असं. मंजूला फोन फक्त रविवारी करायचा. स्पॅनिश शिकायचं. लग्न होऊन बोरगावहून वडगावात आले तेव्हा बाजारापुरतं कन्नड मला आठ दिवसांत आलं होतं. हे पंधरा दिवसांत येईल.

मंजू तिथे व्हॅलेन्सिया नावाच्या गावात आहे. कापडाच्या डिझाइनचे शेवटचे पाच महिने. वीस जूनला परत. मग ती मागावर बसणार. ह्यांची साडी मागावर अपुरी राहिलीय, दोन हात विणायची बाकी आहे. बसणार असं ती बोललेली नाही. पण मुली असल्या गोष्टी बोलून दाखवत नाहीत.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज फोन केला. रविवारी विचारायचं एक राहिलं होतं. तिथे पाण्याची टाकी गच्चीवर असते का? असते म्हणाली.

१२ फेब्रुवारी

टाकीला झाकण असतं का, ते विचारायचं राहिलं होतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

मागाच्या खोलीतलं ह्यांचं घड्याळ स्पेनच्या वेळेवर लावलं. साडेचार तास मागे. आता पोरगी कुठल्या वेळी काय करते ते बोटं मोजल्याशिवाय कळतं. तिला दोन ते तीन जेवणाची सुट्टी. घड्याळात अडीच वाजले की फोन. आपल्याकडे तेव्हा सात, दिवाबत्तीची वेळ. सोयीचं आहे.

फोन रोज करायचा, पण थोडाच, असं ठरवलं. रविवारी एकदम लांबलचक बोलण्यापेक्षा ते बरं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

शेजारची जयाबाई सकाळी आठला विरजण मागायला आली. घड्याळात साडेतीन बघून ओरडली. म्हणाली, आक्का, बंद पडलंय गं तुझं घड्याळ, माणूस गेलेल्या घरात बंद घड्याळ ठेवू न्हाय. मी म्हटलं, बंद नाही, परदेशी आहे. तिनं माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. विरजण न घेताच गेली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

वाचनालयातून स्पेनवरचं पुस्तक आणलं. मी सातवीनंतर जे शिकले ते तिथल्याच कपाटांतून. पुस्तक चाळीस वर्षांपूर्वीचं आहे, पण देश काही जागचे हलत नाहीत. लिहिलंय की तिथे दुपारी दुकानं बंद ठेवून लोक झोपतात. ह्यात लिहिण्यासारखं काय आहे? वडगावात दुपारी कोण दुकान उघडतंय?

बैल मोकळे सोडतात असंही आहे. मंजूला फोन करून सांगितलं, बैल दिसला तर पळू नकोस, बाजूला हो. ती म्हणाली, आई, इथं ट्राम आहे. ट्रामसमोरूनही बाजूला व्हायलाच पाहिजे.

८ मार्च, रविवार

भरमाभावजी आले. ह्यांचे धाकटे भाऊ. मागाच्या खोलीत उभे राहून भिंती मापल्यासारखं बघितलं. म्हणाले, वैनी, किती दिवस ठेवणार ह्ये? लाकूड वाळवीच्या तोंडात जाईल. खोली मोकळी केली तर भाडेकरू तरी येईल. मी म्हटलं, जून. ते म्हणाले, जूनला काय हाय? मी चहा ठेवायला आत गेले.

स्पॅनिश: ओला म्हणजे नमस्कार. ग्रासियास म्हणजे आभार. आणखी एक शब्द होता.

१९ मार्च, गुरुवार, पाडवा

वर्ष झालं नाही, म्हणून गुढी नाही. गोडधोड नाही. जयाबाईनं वाटीभर श्रीखंड आणून ठेवलं, म्हणाली घरात आणलंय, सण म्हणून न्हाय. खाल्लं.

तिकडे मंजूच्या गावात वसंताचा मोठा सण. घराएवढ्या उंच बाहुल्या करतात, वर्षभर खपतात आणि आज रात्री सगळ्या जाळतात. बायका रेशमी घेरदार घागरे घालून मिरवतात. तिनं व्हिडिओ पाठवला. घागऱ्याचं रेशीम तिथेच विणतात, जुन्या हातमागावर. माग बघून मी फोन डोळ्यांजवळ नेला. आपल्यासारखाच आडवा पळणारा धोटा. मंजू विणणाऱ्या म्हाताऱ्या माणसाशेजारी उभी होती आणि हसत होती. वर्षभरात मी तिला तशी हसताना बघितली नाही.

चांगलंच झालं. सराव राहील. जूनला बसली की हात अवघडणार नाही.

वर्षभर करायचं आणि एका रात्रीत जाळायचं. ह्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, आमचं विणलेलं गिऱ्हाईक एका दिवसात परत करतंय, त्यापेक्षा जाळलेलं बरं.

३० मार्च, सोमवार

घड्याळात अडीच. फोन केला. मंजूनं कट केला. मेसेज आला, क्लासात आहे. सुट्टी दोन ते तीन असताना अडीचला कसला क्लास?

जास्तीचा असेल.

१ एप्रिल, बुधवार

अडीच. कट. क्लासात आहे.

विचारायचं नाही असं ठरवलं. आपण पोरीवर पाळत ठेवणाऱ्यातल्या नाही. घड्याळ कशाला लावलंय मग, असं जयाबाई म्हणाली. जयाबाईशी बोलायचं नाही असंही ठरवलं.

५ एप्रिल, रविवार

तिथे आता दहा दिवस सुट्टी. मैत्रिणींबरोबर डोंगरात गेलीय. रेंज नाही. निघण्याआधी नारंगीच्या बागांचे फोटो टाकले, एकाच झाडावर फुलं पण आणि फळं पण. म्हणते सगळं गाव त्या फुलांनी घमघमतंय, आई तू इथं असायला पाहिजे होतीस.

हे वाक्य सात वेळा वाचलं. 'पाहिजे होतीस' म्हणते, 'ये' म्हणत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात ह्याला काय म्हणतात ते बघितलं नाही.

मागावरची धूळ पुसली. धोटा उचलून जागेवर ठेवला. पंचवीस वर्षं मी फक्त सुताच्या कांड्या भरल्या, मागावर हे बसायचे. मला विणता येत नाही असं नाही. कधी वेळच आली नाही.

१५ एप्रिल, बुधवार

सुट्टी संपली. अडीच. कट.

१६, १७ एप्रिल

कट. कट.

रात्री तिचा फोन आला होता, मी मुद्दाम घेतला नाही. आपल्यालाही कामं असतात हे कळू दे. नंतर अर्धा तास फोन हातात धरून बसले, पुन्हा केला तर घ्यावा म्हणून. केला नाही. बरं झालं, मी कामात होते.

२४ एप्रिल, शुक्रवार

भरमाभावजी परत आले. ह्या वेळी भिंती बघितल्या नाहीत. पाटावर बसून टोपी काढली, घातली, परत काढली. मंजूचा फोन येतो का म्हणून विचारलं. रोज येतो म्हटलं. ते म्हणाले, काय सांगती? मी म्हटलं, मजेत आहे, जूनला येते. ते बरं म्हणाले आणि चहा न घेताच उठले. भावजी चहा सोडून गेलेत असं आजवर झालं नव्हतं. तब्येत बरी नसणार.

६ मे, बुधवार

आज ह्यांचं वर्षश्राद्ध.

मंजूला आधीच सांगून ठेवलं होतं, तुझ्या आठला गॅलरीत भाताचा घास ठेव, आमचे तेव्हा साडेबारा होतात, दोन्हीकडे एकदम. पोरीनं घाई केली. आमचं पान अजून वाढायचं होतं, साडेअकरालाच तिचा फोटो आला. गॅलरीच्या कठड्यावर भात आणि भातावर हिरवा पोपट. तिथे म्हणे पोपट मोकळे हिंडतात, कावळ्यासारखे. खाली लिहिलं होतं, आई, हा चालतो का?

भटजींना विचारलं. ते चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, पोथीत पोपट नाही.

साडेबाराला गच्चीवर पान ठेवलं. भात, वरण, वडे, आणि ह्यांना आवडायचा म्हणून खव्याचा कुंदा. भावजींनी हात जोडले. चार कावळे पाण्याच्या टाकीवर येऊन बसले आणि दुसरीकडे बघायला लागले.

एक वाजला. दीड वाजला. गच्ची तापली. जयाबाई ह्यांना अण्णा म्हणायची. म्हणाली, अण्णा तिकडंच जेवून आल्यात वाटतं, पोपट होऊन. कुणी हसलं नाही, मग सगळेच हसले.

माणसाची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही. म्हणून बोलून वचन द्यायचं असतं. भावजी पुढे झाले. म्हणाले, अण्णा, मागाला हात लावत न्हाय, वैनी म्हणतील तसं. एक कावळा उडाला आणि पलीकडच्या तारेवर बसला. भावजी घाम पुसत म्हणाले, वैनी, तुम्हीच बोला.

मी मोठ्यानं म्हटलं, मंजू जूनला परत येणार. मागावर बसणार. साडी पुरी करणार.

कावळे जागचे हलले नाहीत. भावजींनी खाली बघितलं. जयाबाईनं त्यांना कोपर मारलं, सांगा की म्हणाली. काय सांगा, मी विचारलं. तर ते म्हणाले, ऊन लई हाय, वैनी.

दोन वाजले. सगळे उपाशी. जयाबाईला शुगर आहे, ती जिन्यात बसली. मी पानाजवळ गेले, वड्यावरच्या मुंग्या झटकते असं दाखवून वाकले. मग हळूच म्हटलं, बरं. राहू दे तिला तिकडं. मी सांगते तिला.

हळू म्हटलं म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही. कावळ्याला गेलं. माझ्या हाताजवळून कुंदा उचलला.

जेवायला तीन वाजले. सगळे वाढ म्हणाले, मी वाढत राहिले.

७ मे, गुरुवार

कावळा तसाही येणारच होता. दीड तास वास घेत बसलेला प्राणी. कुंदा उन्हानं सुटला होता, त्याचा वास पसरला असेल. वचनाचा आणि त्याचा संबंध असेलच असं नाही.

शिवाय मी हळू बोलले होते. हळू बोललेलं धरतात की नाही, भटजींना विचारायला पाहिजे.

विचारलं नाही.

८ मे, शुक्रवार

ह्यांना दिलेला शब्द मी कधी मोडला नाही. एकदाच मोडला होता, तंबाखूची डबी विहिरीत टाकणार नाही म्हटलं होतं.

मंजूला काय सांगायचं ते लिहून काढलं. तीनदा लिहिलं. पहिल्यात रडगाणं आलं. दुसऱ्यात टोमणे आले. तिसरं बरं आहे: मंजू, माझी काळजी करू नकोस. तुला तिकडे राहून पुढे शिकायचं असेल तर राहा. माझी हरकत नाही. बाबांचीही नाही.

आई पोरीसाठी काय करते हे तिला आज ना उद्या कळेल. उद्या फोन.

९ मे, शनिवार

सुट्टी होती, पहिल्या रिंगला उचलला. मी कागद समोर धरून एका दमात वाचलं. बाबांचीही नाही, इथे आवाज थोडा हलला, बाकी नीट झालं.

मला वाटलं आता रडेल. मग म्हणाली, आई, फॉर्म मी मार्चमध्येच भरलाय. निकाल लागून पंधरा दिवस झाले. दोन वर्षांचा कोर्स आहे, त्या रेशमाच्या मागांवरच. तुला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून काकांना सांगितलं, तुम्ही आईला सांगा म्हणून. ते आले होते ना?

आले होते म्हटलं. टोपी काढत होते.

म्हणजे भावजींना माहीत होतं. जयाबाईला माहीत होतं. गच्चीवर उन्हात उभ्या राहिलेल्या सगळ्यांना माहीत होतं. कावळ्यांचं सांगता येत नाही.

मी विचारलं, मग रोज माझा फोन का कापत होतीस? म्हणाली, आई गं, तू रोज नेमकी क्लास सुरू झाल्यावर करतेस. मी म्हटलं, अडीचला करते, तुझ्या जेवणाच्या सुट्टीत. ती म्हणाली, साडेतीनला करतेस. इथं मार्चच्या शेवटी सगळी घड्याळं एक तास पुढं करतात, उन्हाळ्यासाठी. सगळ्या देशाची. तुला सांगितलं नव्हतं का मी?

नव्हतं.

जेवलीस का विचारलं. जेवले म्हणाली. तू? मी पण.

भावजींना निरोप पाठवला, माग तिथेच राहील. दोन हात साडी राहिलीय, ती मी विणणार आहे. कांड्या भरायला कुणी नाही, त्याही मीच भरेन. जमेल.

संध्याकाळी स्टुलावर चढून घड्याळ काढलं. आपल्या वेळेवर लावायचं म्हणून काटा हातात धरला होता. मग एक तास पुढे केला, आणि होतं तिथेच टांगलं. सेल नवा घातला.

ऑक्टोबरच्या शेवटी तिथे परत एक तास मागे करतात म्हणे. डायरीत ऑक्टोबरचं पान काढून लिहून ठेवलं. वार तिथेही चुकलेला आहे, तो खोडला.