पुलावरची पोती

४ मार्च

मिळालं! गाव मिळालं! ओढा, पलीकडे बसचा रस्ता, मधे लाकडी पूल – डिट्टो आमच्या गावासारखा. कॅप्टन जीपमधून उतरले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, "हाच." (कॅप्टन म्हणजे आमचे दिग्दर्शक. टोपी काढत नाहीत, म्हणून कॅप्टन.) मी पुलावर उडीच मारली. धाडधाड! फळ्या अशा वाजल्या की खालची बदकं उडाली. बदकं एवढी उंच उडतात? शाळेत शिकवलं असेल, मी खिडकीबाहेर बघत असणार.

अजून खरं वाटत नाही. खानावळीत ताटं विसळताना कॅप्टनना सहज सांगितलेली गोष्ट, आणि तिचा सिनेमा! पोरगी पहाटे घर सोडते. बाप घोरत असतो. ती पूल ओलांडते, पहिली बस पकडते. बास. ती पोरगी म्हणजे मी! आदल्या दिवशी बाबा ओरडले होते, "उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन." म्हटलं, बघतेच! आणि सटकले. कुणाला पत्ता नाही. पुलावर ओली पोती पडली होती, अनवाणी पायांना गार गार लागली, ते अजून आठवतं. कॅप्टनना सांगितलं तर म्हणाले, "पोत्यांत काय आहे? गाळून टाक."

आईशी फोनवर बोलते. बाबा फोनवर येत नाहीत. मीही बोलवत नाही.

६ मार्च

पुलाला लागून गावातल्या एका मावशींचं घर आहे, तिथे उतरलोय. त्यांच्या दारात ट्रॅक्टर आहे. शिकवा म्हटलं तर म्हणाल्या, "आधी चहा नीट करायला शीक."

बापाचं काम करणारे काका दिवसभर घोरायचा सराव करतात. शेवटच्या प्रसंगात त्यांना तेवढंच काम! म्हणतात, "घरी ह्याच्यावरून शिव्या खातो. इथे टाळ्या मिळतील."

९ मार्च

पचका! पार पचका!

शेवटचा प्रसंग घ्यायला पहाटे उभे राहिलो. हिरॉइनने पुलावर पाय टाकला – खडाड! समोरच्या घरांतून डोकी बाहेर. "कोण गं ते? एवढ्या लवकर?" कट. पुन्हा. खडाड! "अगं, बरं आहे ना सगळं?" कट. तिसऱ्या वेळी एक आजोबा काठी घेऊन थेट पुलावर आले, सोबत म्हणून!

मावशी अंगणातून म्हणाल्या, "अहो, ह्या आवाजात बाप झोपलाय? झोपलाय की गेलाय?" सगळं गाव खो खो हसलं. मी जाम चिडले. म्हटलं, "माझे बाबा झोपलेच होते! मला कुणी अडवलं नाही!"

"मग तुमचा पूल कापसाचा असेल, बाई."

कॅप्टन हसले नाहीत. म्हणाले, "मावशी बरोबर बोलताहेत. अशा गावात चोरून जाताच येत नाही. शेवट खोटा आहे." वर निर्मात्याचा फोन – परवापर्यंत जमलं नाही तर गाशा गुंडाळा, शेवट शहरात स्टेशनवर उरकू. स्टेशन! माझ्या गोष्टीत स्टेशन कुठून आलं?

जेवले नाही. म्हणजे, जेवले. पण चव नव्हती.

१० मार्च

कॅप्टन दुपारी म्हणाले, "पूल गप्प कर. कसाही."

मावशींकडून पोती मागून आणली. कोरडी पोती सरकतात, फळ्या वाजायच्या त्या वाजतातच. मग ओढ्यात बुडवली. बापरे, काय जड होतात! खांदे भरून आले, बोटं बधिर. गुडघ्यांवर बसून फळीफळीवर दाबत गेले. कडा आत दुमडल्या, नाहीतर पाय अडकून तोंडावर पडायची हिरॉइन. चालून बघितलं. चूं नाही!

मावशी ओरडल्या, "लगेच उचल हो! ओली पोती पुलावर कुणी ठेवत नाही, फळ्या कुजतात!"

मी पुलाच्या मधोमध तशीच बसले.

कुणी ठेवत नाही.

आमच्या पुलावरच्या पोत्यांच्याही कडा दुमडलेल्या होत्या. "कड दुमड गं, पाय अडकेल" – कोठीच्या खोलीत पोती अंथरताना हे कितीदा ऐकलंय! आईकडून नाही.

धावत सुटले. ओल्या हातांनीच कॅप्टनना गदागदा हलवलं. "बाप झोपलेला नाही! पोती तोच टाकतो! तोच!"

कॅप्टननी टोपी काढली. मधोमध टक्कल!

११ मार्च

जमलं!! काय जमलंय!

काका अंधुक उजेडात ओढ्यात उतरतात, पोती भिजवतात, अंथरतात, कडा दुमडतात (मी शिकवलं). घरी येऊन ओल्या हातांनी अंथरुणात शिरतात. पोरगी दार ढकलते, तशी डोळे मिटून घोरायला लागतात. खोटं खोटं! एवढा सराव, आणि आता मुद्दाम वाईट घोरायचं! पोरगी फसते. बघणारा फसत नाही. पूल गप्प. बस जाते. घोरणं थांबतं.

आख्खं गाव काठावर उभं होतं, आणि कुणी खोकलंसुद्धा नाही. मावशी तेवढ्या पुटपुटल्या, "आत्ता शोभतोय बाप." मग मला ट्रॅक्टरवर बसवलं. बांधावर चढवला मी!

तीन वर्षं गावोगाव फुशारकी मारत फिरले, की मी पळून आले. पळून कुठली! मी तर बापानं अंथरलेल्या वाटेवरून आले!

१२ मार्च

फोन आईने उचलला. म्हटलं, बाबांना दे.

"बाबा, ती पोती तुम्ही –?"

म्हणाले, "येताना पूल वाजवत ये."