टोकाकडचा नंबर

सोमवार, ३ तारीख
फुकट मिळालेली पेन्सिल माणूस फेकून का देत नाही? मुलाखतीत मॅनेजरने विचारलं होतं. उत्तर मला अजून येत नाही. त्यालाही येत नसावं, नाहीतर विचारलं नसतं. तरी नोकरी लागली. जाहिरातीच्या पेन्सिली छापणारा कारखाना, मी मार्केटिंगमध्ये. कायम करायचं की नाही ते या महिन्यात ठरणार. बाबांनी शेजारी सांगूनही टाकलं की पोरगी कायम झाली. घरातली पहिली पदवी, थोडी घाई होणारच.
संकल्प: पेन्सिलीतून समाजप्रबोधन.

बुधवार, ५
दातांच्या डॉक्टरची ऑर्डर. पाच हजार पेन्सिली, नव्या दवाखान्यासाठी, शाळांत वाटायला. मजकूर मी लिहिला. छपाईवाले काका म्हणाले, फोन नंबर रबराकडे घ्यायचा, तिथे तो शेवटपर्यंत टिकतो. बत्तीस वर्षं असंच चाललंय म्हणे. चूकसुद्धा बत्तीस वर्षं चालू शकते. लिहिताना नजर टोकाकडे असते, म्हणून नंबर टोकाकडे. काका म्हणाले, ‘मॅडम, शार्पनरही टोकालाच लागतो.’ ‘मॅडम’ असं म्हणतात की ऐकणाऱ्याला शिवी वाटावी. दुर्लक्ष केलं.

शुक्रवार, ७. दुपारी
डॉक्टरला नमुना पसंत. हिरव्या रंगावर तापल्या ठशाने दाबलेली सोनेरी अक्षरं. मुद्दाम जाऊन काकांना सांगितलं. ते चहा पीत होते. पीतच राहिले. कुजका माणूस.

मंगळवार, ११
माल छापून तयार. पण एकालाही टोक नाही! म्हणे अशाच जातात. मुलांच्या हातात बोथट लाकूड द्यायचं? अर्धवट वस्तू देणं म्हणजे घेणाऱ्याचा अपमान. सगळ्या पेन्सिलींना टोक करूनच पाठवा, असं लेखी दिलं. काकांनी कागद दोनदा वाचला. ‘सगळ्या?’ म्हटलं, सगळ्या. ‘मग सही करा.’ केली. सहीखाली पदवीही लिहिली. ठाम राहिलं की माणसं वठणीवर येतात.

बुधवार, १२
खोकी रवाना. आईने विचारलं, कायमचं पत्र कधी मिळणार. मिळालंच समज म्हटलं.

शुक्रवार, १४. सकाळी
डॉक्टरचा फोन. पेन्सिलीवर नंबराचे शेवटचे तीन आकडे उरलेत. बाकीचे आमच्या कारखान्याच्या भुशात. मी म्हटलं, लोकांचं कुतूहल वाढेल. त्यावर ते जे बोलले ते दात घासणाऱ्या तोंडाला शोभत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
मॅनेजरने काकांना विचारलं, तुम्ही अडवलं का नाही? काकांनी खिशातून माझा कागद काढला. घडी इस्त्री केल्यासारखी. अख्ख्या छपाई विभागाने माझी पदवी मोठ्याने वाचली. एकाने विचारलं, ही कशातली म्हणायची, भुशातली का?
ही माणसं मला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहतात.

शनिवार, १५
बाणेदारपणे राजीनामा द्यायला गेले. मॅनेजर म्हणाला, राजीनामा कायम झालेले देतात, तुम्ही नुसतं यायचं बंद करा. नाहीतर छपाईत शिकाऊ म्हणून बसा, काकांना चालत असेल तर. काका म्हणाले, ‘बसू दे. पण मॅडम म्हणणार नाही.’
विचार करून सांगते म्हटलं. कोणी वाट पाहिली नाही.
घरी सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, शेजारी तूच सांग.

सोमवार, १७
काल मीच शेजारी जाऊन सांगून आले.
आज आठ वाजता छपाईत हजर झाले. काम: पेन्सिली साच्यात ओळीने लावणे, सगळ्यांचे रबर एकाच बाजूला. दुपारी काकांनी तपासल्या. अठरा उलट्या, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.
मी मोजल्या. एकोणीस होत्या. एक गुपचूप फिरवली.